आधी मजकूर, मग शाई : निमंत्रणपत्रिकांविषयी वाचकांचे प्रश्न

घरी किंवा लहानशा छापखान्यात हाताने छापायच्या लग्नपत्रिका आणि निमंत्रणे यांविषयी मागच्या अंकात आम्ही वाचकांकडून प्रश्न मागवले होते. आलेल्या पत्रांपैकी सात निवडली आहेत. मी स्वतः बरीच वर्षे स्क्रीनवर (चौकटीत ताणलेल्या जाळीतून शाई उतरवून) आणि ट्रेडलवर (पायाने चालवायच्या छपाईयंत्रावर) पत्रिका छापत आले आहे. त्या कामात जे हाताला कळले, त्याच्या आधारानेच उत्तरे देत आहे.

प्रश्न : माझ्या मुलीचे लग्न येत्या माघात आहे. साधारण अडीचशे घरी पत्रिका द्यायच्या आहेत. आम्ही मायलेकींनी घरीच स्क्रीन प्रिंटिंगने पत्रिका छापाव्यात अशी तिची इच्छा आहे. महाविद्यालयात असताना तिने टी-शर्टांवर छपाई केलेली आहे. सुरुवात कशापासून करावी आणि कागद किती घ्यावा? – एक वाचक, सांगली

उत्तर : सुरुवात मजकुरापासून करा, आणि तो पक्का होईपर्यंत कागदाच्या दुकानाची पायरी चढू नका. बहुतेक घरांत उलटे घडते. कागद आवडतो, वेलबुट्टी ठरते, गणपती कुठे बसवायचा ते ठरते, आणि शेवटच्या आठवड्यात निमंत्रकांच्या यादीत एका काकांचे नाव राहिल्याचे कोणाच्या तरी लक्षात येते. मग एक ओळ वाढते, तिच्यासाठी बाकीची अक्षरे बारीक होतात, आणि ज्या आजी-आजोबांच्या हाती ही पत्रिका प्रथम जायची त्यांनाच ती वाचता येत नाही.

दोन्ही घरच्या वडीलधाऱ्यांना एकदा एकत्र बसवा आणि कोऱ्या कागदावर हाताने सगळा मजकूर लिहून काढा. माथ्यावर कोणत्या दैवतांची नावे, कोणाच्या नावामागे ‘कै.’, कोणती कन्या ‘ज्येष्ठ’ आणि कोणती ‘द्वितीय’, आहेराविषयीची सूचना घालायची की नाही, भोजनाची वेळ मुहूर्ताच्या आधीची की नंतरची, हे सगळे त्या बैठकीत मिटले पाहिजे. निमंत्रकांची यादी लांबत असेल तर ती मागच्या बाजूला घ्या. एका ओळीविषयी मात्र माझा आग्रह असतो : ‘आमच्या ताईच्या लग्नाला यायचं हं!’ ही लहान मुलांच्या नावाने छापली जाणारी ओळ काढू नका. साऱ्या पत्रिकेत बोलल्यासारखी तेवढी एकच ओळ असते.

वधूवरांची नावे आधार कार्डावर आहेत तशीच पूर्ण लिहा, कारण पुढे विवाह नोंदणीच्या अर्जासोबत लग्नपत्रिका मागितली जाते आणि नावात एका अक्षराचाही फरक पडला की खुलासे करत बसावे लागते. तारीख, वार आणि तिथी ही तिन्ही पंचांग समोर उघडून ताडून पाहा. माझ्या कामाच्या पहिल्या वर्षी एका पत्रिकेत तारीख बरोबर आणि वार चुकीचा गेला होता. मजकूर मीही तपासला होता आणि त्या घरच्या तिघांनीही, पण आम्ही चौघांनी तो मोबाइलच्या पडद्यावर वर-खाली सरकवत पाहिला होता. तीनशे पत्रिका छापून वाळल्यानंतर चूक दिसली आणि त्या सगळ्या पुन्हा छापाव्या लागल्या. तेव्हापासून मी मजकूर खऱ्या आकारात कागदावर काढते आणि एकाने मोठ्याने वाचायचा, दुसऱ्याने पंचांग व नावांची यादी समोर धरून ऐकायचा, असा नियम पाळते. तुम्हीही पाळा.

आता कागद. हातकागद घेणार असाल, आणि हाताच्या छपाईला तो फार शोभतो, तर पुण्यात १९४० साली सुरू झालेल्या हातकागद संस्थेसारख्या ठिकाणी सुती चिंध्यांच्या लगद्याचा कागद मिळतो. पत्रिकेसाठी २५० ते ३०० जीएसएमचा (चौरस मीटरला तेवढे ग्रॅम वजनाचा) कागद बरा. हातकागदाचा ताव साधारण २२ इंच बाय ३० इंच असतो. पत्रिका ५ बाय ७ इंचांची धरली, तर कागदोपत्री एका तावातून १८ पत्रिका निघतात : २२ इंचांत ७ इंचांचे तीन तुकडे आणि ३० इंचांत ५ इंचांचे सहा. प्रत्यक्षात तसे होत नाही, कारण ३० इंचांचा कण न् कण वापरला जातो आणि हातकागदाच्या कडा तर दातेरी, कमीजास्त असतात. म्हणून ५ इंचांचे चार आणि ७ इंचांचे चार असे आडवे-उभे भाग पाडा. दोन्ही दिशांना दोन-दोन इंच शिल्लक राहतात, कडा सरळ कापता येतात आणि एका तावातून १६ स्वच्छ पत्रिका मिळतात. अडीचशे पत्रिकांना पंधरा टक्के वाढवा धरला की २८८ होतात, म्हणजे बरोबर अठरा ताव. हा वाढवा काटकसर म्हणून कमी करू नका. त्यातल्या काही पत्रिका छपाईत बिघडतील, काही ऐनवेळी आठवलेल्या घरी जातील, आणि दोन-चार तुम्ही पुढच्या पन्नास वर्षांसाठी जपून ठेवाल.

मुलीने महाविद्यालयात वापरलेली स्क्रीन इथे चालणार नाही. टी-शर्टाच्या जाळीला सेंटीमीटरला चाळीस-पन्नास धागे असतात; कापडावर शाई भरपूर उतरावी म्हणून ती जाड ठेवलेली असते. पत्रिकेवरच्या बारीक अक्षरांसाठी सेंटीमीटरला १२० धाग्यांच्या आसपासची जाळी लागते. तशी ताणलेली फ्रेम स्क्रीन प्रिंटिंगच्या सामानाच्या दुकानात करून मिळते. इमल्शन, म्हणजे उजेडाने कडक होणारा लेप, जाळीला मंद पिवळ्या उजेडात लावा, अंधारात पूर्ण वाळू द्या, आणि एक्सपोज करण्याआधी, म्हणजे मजकुराची पारदर्शक फिल्म त्यावर ठेवून उजेड देण्याआधी, एका जुन्या स्क्रीनवर पट्ट्यांची चाचणी घ्या : पुठ्ठा थोडा थोडा सरकवत पाच वेगवेगळ्या वेळांच्या पट्ट्या घ्यायच्या आणि पाण्याने धुतल्यावर ज्या पट्टीत वेलांटीची शेपटी आणि अनुस्वाराचे टिंब दोन्ही शाबूत राहतील ती वेळ धरायची.

छपाईच्या दिवशी दोन माणसे हवीत, एक ओढणारे आणि एक उचलणारे. स्क्रीन कागदाला टेकलेली नसावी. दोन-तीन मिलिमीटर वर राहील असे फ्रेमच्या कोपऱ्यांखाली पुठ्ठ्याचे तुकडे ठेवा. स्क्वीजी, म्हणजे शाई ओढायची रबरी पट्टी, साठ अंशांच्या आसपास कलती धरून एकाच दमात, एकाच दाबाने स्वतःकडे ओढा. जाळी स्क्वीजीच्या मागोमाग कागदापासून हलकेच सुटत जाते आणि तसा बारीक आवाजही येतो. तो आवाज मध्येच थांबला, तर समजावे की जाळी कागदाला चिकटून राहिली आणि तिथले अक्षर फुगले. छाप झाल्यावर लगेच शाईचा पातळ थर जाळीवर परत पसरून ठेवा, म्हणजे पाण्याची शाई भोकांत वाळणार नाही. पहिले दहा-पंधरा छाप रद्दीवर काढा. हात बसला की तासाला शंभरच्या आसपास पत्रिका होतात, म्हणजे एका रंगाचे काम एका सकाळीत संपते.

वाळवण्याची जागा मात्र आदल्या दिवशीच मोजून ठेवा. पाच बाय सातच्या २८८ पत्रिका शेजारी शेजारी मांडल्या तर सत्तर चौरस फूट जमीन लागते, म्हणजे एक लहान खोली अर्धी भरते, आणि त्या खोलीत दोन तास कोणी पंखा लावायचा नाही किंवा केर काढायचा नाही. दोऱ्या बांधून चिमट्यांनी टांगल्या तरी चालते, फक्त चिमट्याचा वळ दिसणार नाही एवढी जागा मजकुराभोवती सोडलेली हवी. पहिली पत्रिका देवापुढे आणि नंतर घरोघर, हा क्रम लक्षात घेता लग्नाच्या पाच आठवडे आधी सगळ्या पत्रिका हातात असाव्यात. तिथून मागे मोजले, तर मजकुराची बैठक लग्नाच्या नऊ-दहा आठवडे आधी व्हायला हवी.

प्रश्न : संगणकावर पत्रिका जुळवली, तर ‘ल’ आणि ‘श’ हिंदीसारखे दिसतात आणि ‘कऱ्हाड’ हा शब्द काही केल्या नीट येत नाही. छापखान्यात सांगितले की आता असेच असते. खरेच काही उपाय नाही का? – एक वाचक, डोंबिवली

उत्तर : उपाय आहे, आणि तुम्ही हे असेच स्वीकारले नाही याचा मला मनापासून आनंद आहे. मराठीचा ‘ल’ पाकळीयुक्त आणि ‘श’ देठयुक्त. महाराष्ट्र शासनाने २००९ साली ठरवून दिलेल्या प्रमाणित वर्णमालेतही हीच वळणे धरलेली आहेत. अनेक फाँटमध्ये ही दोन्ही वळणे आत असतात, पण मजकुराची भाषा ‘मराठी’ अशी निवडल्याशिवाय ती वर येत नाहीत; हिंदीची वळणे आपोआप वापरली जातात. म्हणून आधी अक्षरजुळणीच्या प्रोग्राममध्ये मजकुराची भाषा मराठी करून पाहा. तरीही वळणे बदलली नाहीत, तर मूळ मराठीसाठीच आखलेला फाँट घ्या. ‘टिरो देवनागरी मराठी’ हा असा मोफत मिळणारा फाँट आहे, आणि त्याचे वळण जुन्या मराठी ग्रंथांतल्या छपाईची आठवण करून देते.

‘कऱ्हाड’ची अडचण निराळी आहे. तिथे साधा ‘र’ टाइप करून पुढे हलन्त दिला, तर त्याचा रफार होऊन तो ‘ह’च्या डोक्यावर बसतो. मराठीत जो डावीकडे निघणारा अर्धा ‘र’ लागतो, त्यासाठी युनिकोडमध्ये नुक्ता असलेला ‘ऱ’ स्वतंत्र ठेवलेला आहे. तो टाइप करून मग हलन्त आणि ‘ह’ द्या. ‘साताऱ्याचे’, ‘दुसऱ्या’ हे शब्दही असेच. निमंत्रणात माणसाचे गाव चुकीचे छापणे हा त्या गावच्या माणसाचा अनादर आहे, त्यामुळे यासाठी अर्धा दिवस गेला तरी जाऊ द्या.

जुन्या, युनिकोडपूर्व फाँटमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलून घेतला असेल, तर तो पहिल्यापासून पुन्हा वाचा, कारण अशा बदलात जोडाक्षरे आणि रफार हमखास हलतात. सगळे ठीक दिसल्यावर अक्षरांच्या बाह्यरेषा (आउटलाइन) करूनच फाइल फिल्मसाठी द्या, म्हणजे दुसऱ्या संगणकावर फाँट नसला तरी वळण बदलणार नाही. हाताच्या छपाईसाठी अक्षर निवडताना आणखी एक पाहावे : ज्या अक्षराच्या बारीक रेषा पाव मिलिमीटरपेक्षा पातळ आहेत, ते पडद्यावर कितीही डौलदार दिसले तरी स्क्रीनवर तुटते. बारा पॉइंटांखाली जाऊ नका आणि गडद पट्ट्यावर पांढरी अक्षरे ठेवू नका. शाई आत सरकते आणि ‘भ’चा ‘म’ व्हायला वेळ लागत नाही.

प्रश्न : हातकागदावर सोनेरी शाईने पत्रिका छापल्या. दिसायला सुरेख आहेत, पण बोट फिरवले की सोने बोटाला लागते. – एक वाचक, रत्नागिरी

उत्तर : सोनेरी शाईतले सोने म्हणजे तांबे आणि जस्त यांच्या मिश्रधातूची बारीक भुकटी. ती कागदाला धरून ठेवण्याचे काम शाईतले बंधक करते. हातकागद शोषक असल्यामुळे त्याने बंधक आत ओढून घेतले आणि भुकटी वर सुटी राहिली. छापून झालेल्या पत्रिकांवर त्याच स्क्रीनने, जुळणी नीट साधून, पारदर्शक बेसचा (रंग नसलेल्या शाईचा) एक हात द्या. आधी दोन पत्रिकांवर करून पाहा. पुढच्या वेळी कागदावर प्रथम पारदर्शक बेस छापून वाळवा आणि त्यावर सोनेरी छापा, किंवा शाईत बंधकाचे प्रमाण वाढवा. सोनेरीसाठी जाळीही थोडी मोकळी, सेंटीमीटरला ८०-९० धाग्यांची घ्यावी, नाहीतर भुकटीचे कण भोकांत अडकतात.

तुमच्या पत्रिका रत्नागिरीतल्या दमट हवेत राहणार आहेत, म्हणून हेही सांगते की पितळी भुकटी काही वर्षांनी काळवंडते. मला स्वतःला लग्नाच्या पत्रिकेवर सोनेरीपेक्षा हळदीचा पिवळा अधिक आवडतो. कोपऱ्यांना कुंकवाचे बोट लागले की त्या पिवळ्याला जो उठाव येतो तो सोनेरीला येत नाही.

प्रश्न : आजोबांचा छापखाना पंधरा वर्षांपूर्वी बंद झाला. ट्रेडल मशीन आणि देवनागरी खिळ्यांच्या (छपाईच्या सुट्या धातूच्या अक्षरांच्या) केसेस, म्हणजे खणांच्या पेट्या, अजून आहेत. भाचीच्या लग्नाची पत्रिका त्यावर छापावी असे मनात आहे. जमेल का? – एक वाचक, सातारा

उत्तर : जमेल, पण आधी खिळे पाहा. खिळे शिसे, अँटिमनी आणि कथील यांचे असतात. बंद, ओलसर खोलीत पडून राहिले तर त्यांच्यावर पांढरी भुकटी धरते. ती विषारी असते. अशा केसेस फुंकर मारून साफ करू नका. हातमोजे आणि तोंडावर मास्क लावून काम करा, खिळे हाताळल्यावर हात धुतल्याशिवाय काही खाऊ नका आणि लहान मुलांना तिथे येऊ देऊ नका. ज्या खिळ्यांचा चेहरा खाल्ला गेला आहे ते बाजूला काढा.

मग मोजणी करा. इंग्रजीच्या जुळणीला दोन केसेस पुरतात. देवनागरीला जोडाक्षरे आणि मात्रा धरून कित्येक शे प्रकारचे खिळे लागतात आणि लग्नपत्रिकेत काही अक्षरे वाजवीपेक्षा जास्त येतात. तुमचा मजकूर हाती लिहून घ्या आणि त्यात ‘श्री’ किती, ‘सौ.’ किती, ‘चि.’ किती, ‘ळ’ किती, असे मोजून केसमधल्या खिळ्यांशी ताडा. वीस जणांची निमंत्रकांची यादी असेल, तर ‘श्री’चे खिळे संपतील हे नक्की. पूर्वीचे मुद्रक लग्नसराईत नेहमीचा मजकूर जुळवलेलाच उभा ठेवत आणि नावे, तारीख व स्थळ तेवढे बदलत. त्यामागे वेळेइतकीच खिळ्यांची ही टंचाईही होती. मजकूर खिळ्यांत बसत नसेल, तर खिळ्यांच्या हिशोबाने मजकूर कमी करा. आजोबांच्या खिळ्यांनी फक्त वधूवरांची नावे, तारीख, मुहूर्त आणि स्थळ छापले तरी ती पत्रिका पूर्ण होते. बाकीचा तपशील जस्ताचा ब्लॉक किंवा पॉलिमरची प्लेट (सगळा मजकूर एकत्र उठावात असलेला ठसा) करून त्याच मशीनवर छापता येईल.

केसेसमध्ये कदाचित मुंबईच्या जुन्या टाइप फाउंड्रींचे ओतकाम निघेल. जावजी दादाजींनी १८६९ साली मुंबईत सुरू केलेल्या निर्णयसागर छापखान्याची अक्षरे त्यांच्या ठाशीव, एकसारख्या वळणासाठी नावाजली गेली होती, आणि मराठी वाचकांच्या कित्येक पिढ्यांची नजर त्या वळणावर घडली. म्हणून एकही खिळा भंगारात देऊ नका, चेहरा खाल्लेला असला तरी नाही.

मशीनच्या रबरी रुळांकडे विशेष पाहा. पंधरा वर्षांत रबर एक तर कडक झाले असेल किंवा चिकट होऊन सपाट पडले असेल. ते नव्याने चढवून घ्यावे लागेल. पायडल मारत कागद हाताने लावण्याची सवय नसेल, तर पहिले काही दिवस शाई न लावता आणि दाब काढून नुसता हात बसवा. ट्रेडलवर बोटे सापडण्याचे अपघात खरोखर होत असत. गावात एखादे जुने खिळेजुळारी किंवा मशीनमन असतील, तर त्यांना मानाने बोलावून आणा. फर्मा (चौकटीत बसवलेली जुळणी) आवळताना क्वॉइन, म्हणजे आवळायच्या पाचरी, किती घट्ट करायचे ते पुस्तकातून कळत नाही; त्यांनी फर्मा कडेने उचलून, बोटाने दाबून दाखवला की पाच मिनिटांत कळते.

दाबाविषयी एक सूचना. हल्ली जाड कागदात खोल रुतलेल्या छपाईची आवड आहे. ती पॉलिमरच्या प्लेटने करा, आजोबांच्या खिळ्यांनी नको. शिशाचे अक्षर मऊ असते आणि अशा दाबाने त्याच्या बारीक रेषा एका कामातच चेपतात. जुने मुद्रक कागदाच्या मागून बोट फिरवून छाप हाताला लागत नाही ना हे पाहत, ते खिळ्यांच्या आयुष्यासाठीच.

प्रश्न : मुलाचे लग्न अमेरिकेत आहे, वधूकडची मंडळी मराठी वाचू शकत नाहीत. एकाच पत्रिकेत मराठी आणि इंग्रजी कसे बसवावे? – एक वाचक, न्यू जर्सी

उत्तर : एकाच पानावर बसवू नका. दोन वेगळी पाने छापून एकाच पाकिटात घाला, म्हणजे दोन्ही भाषांना मोकळेपणा मिळेल. इंग्रजी पान हे मराठीचे शब्दशः भाषांतर नसावे. ‘चि. सौ. कां.’ला इंग्रजीत जागा शोधण्यापेक्षा, अंतरपाट आणि सप्तपदी म्हणजे काय आणि पाहुण्यांनी केव्हा उभे राहायचे, हे तिथे चार वाक्यांत सांगावे. तारीख दोन्ही पानांवर महिन्याचे नाव अक्षरांत लिहूनच छापा. ५/१२ असे छापले, तर अमेरिकेतील पाहुणे मे महिन्यात येतील आणि साताऱ्याचे काका डिसेंबरात. भारतातील नातेवाइकांसाठी समारंभ ऑनलाइन दाखवणार असाल, तर भारतीय वेळ मराठी पानावरच द्या.

प्रश्न : मैत्रिणींसाठी छापलेल्या पत्रिका आवडल्यामुळे आता बाहेरची कामे येऊ लागली आहेत. दर कसा ठरवावा? पत्रिकेमागे इतके रुपये असे सांगितले की शेवटी हाती काही उरत नाही. – एक वाचक, कोल्हापूर

उत्तर : दर एका पत्रिकेवर बांधला म्हणूनच हाती काही उरत नाही. मी एका कामाचे तास लिहून ठेवले होते. एका रंगाच्या, २८८ पत्रिकांच्या त्या कामात मजकूर आणि आखणी यांना सहा तास लागले, फिल्म आणि स्क्रीनला तीन, कागद कापायला दोन, प्रत्यक्ष छपाईला तीन, आणि तपासणे, पाकिटे करणे, बांधणे यांना चार. अठरा तासांपैकी छपाई तीनच तास चालली. पत्रिका पन्नास असत्या तरी पहिले नऊ तास तेवढेच लागले असते. म्हणून दराचे दोन भाग करा : तयारीची ठरावीक रक्कम, आणि तिच्यावर कागद, शाई व हातकाम धरून प्रतीमागे दर. दुसरा रंग हवा असेल, तर दुसऱ्या फिल्म-स्क्रीनची तयारी आणि दुसऱ्यांदा छपाई, असे दोन्ही वाढतात हे ग्राहकाला आधीच सांगा; पुष्कळ जण मग आनंदाने एका रंगावर येतात आणि पत्रिकाही बहुधा अधिक चांगली होते.

अर्धी रक्कम आगाऊ घ्या. मजकुराची कागदी प्रत दोन्ही घरांकडून सही करून परत घ्या. त्या सहीनंतर झालेल्या बदलाचा खर्च ग्राहकाचा आणि छपाईतल्या चुकीचा खर्च तुमचा, हे पहिल्या भेटीत सांगितले म्हणजे पुढे मन कडू होत नाही. पाकिटे दहा टक्के जास्त द्या, कारण पत्ते लिहिताना ती वाया जातात.

पावसाळ्यातली दोन रंगांची कामे मात्र विचार करून घ्या. दमट हवेत कागद फुगतो, पहिला रंग वाळेपर्यंत त्याचा आकार किंचित बदलतो आणि दुसऱ्या रंगाची जुळणी सुटते. घेतलेच, तर कागद छपाईच्या खोलीत एक दिवस उघडा ठेवून मग कामाला लागा आणि दोन्ही रंग एकाच दिवशी छापा.

प्रश्न : आजोबांच्या सहस्रचंद्रदर्शनाच्या सोहळ्याला चाळीसच जणांना बोलावायचे आहे. नातवंडांनी मिळून पत्रिका करावी असे वाटते. मशीन किंवा स्क्रीन नसताना काय करता येईल? – एक वाचक, नाशिक

उत्तर : लिनोकट करा, म्हणजे लिनोलियमच्या मऊ तुकड्यावर चित्र कोरून त्याचा ठसा घ्या. चाळीस पत्रिका हा लिनोसाठी अगदी योग्य आकडा आहे. चित्रकलेच्या सामानाच्या दुकानात लिनोचा तुकडा, कोरण्या, हातरूळ आणि शाईची नळी मिळते. शाई पसरायला काचेचा तुकडा घ्यावा, त्याच्या कडा चिकटपट्टीने झाकाव्यात.

मजकूर कोरायच्या भानगडीत पडू नका. लिनोवर सगळे उलटे कोरावे लागते आणि देवनागरीच्या मात्रा-वेलांट्या उलट्या कोरणे हे नवख्या हाताचे काम नाही. मजकूर आधी साध्या लेझर प्रिंटरवर १८०-२०० जीएसएमच्या कागदावर छापून घ्या आणि चित्रासाठी वरचा अर्धा भाग मोकळा ठेवा. किंवा उलट करा : आधी चित्र छापा आणि वाळल्यावर खाली नातवंडांनी हाताने लिहावे. चाळीस पत्रिकांना ते सहज जमते, आणि मला विचाराल तर तेच करावे.

चित्र समोरच आहे. दोन पौर्णिमांमध्ये साधारण साडेएकोणतीस दिवस असतात, म्हणून हजार पौर्णिमा व्हायला ऐंशी वर्षे आणि सुमारे दहा महिने लागतात. आजोबांनी तेवढे चंद्र पाहिले. लिनोवर वाटी ठेवून पेन्सिलीने वर्तुळ काढा आणि आतला सगळा भाग कोरून काढून टाका. जे कोरले जाते त्याला शाई लागत नाही. म्हणजे गडद निळ्या शाईत रात्र छापली जाईल आणि चंद्र म्हणजे कागदाचा स्वतःचा पांढरा रंग असेल. चंद्रासाठी वेगळी शाई लागतच नाही. वर्तुळात कोरणीच्या दोन-चार रेषा राहून गेल्या तर त्या साफ करू नका. त्या उंचवट्यांना थोडी शाई लागते आणि चंद्रावर डाग आल्यासारखे दिसते. खालच्या कडेला आजोबांच्या गावचा डोंगर किंवा घरासमोरचे झाड एवढे पुरे.

कोरणी नेहमी अंगापासून दूर ढकलायची आणि लिनो धरलेला हात कोरणीच्या मागे ठेवायचा. दहा वर्षांखालच्या मुलांना कोरायला देऊ नका. शाई लावणे आणि घासणे ही कामे त्यांची. लिनो कडक वाटला, तर थोडा वेळ उन्हात ठेवा, तो लोण्यासारखा कापला जातो.

शाई काचेवर थोडीच घ्या आणि रूळ उभा-आडवा फिरवत राहा. थर जाड असताना रुळाचा चिकट, ओला आवाज येतो; थर बरोबर झाला की तो बारीक चरचर असा होतो. मुलांना हा आवाज ओळखायला शिकवा, ती मोठ्यांपेक्षा लवकर शिकतात. शाई लावलेल्या लिनोवर कागद अलगद टेकवा, मग तो हलू न देता स्टीलच्या चमच्याच्या पाठीने मधून कडांकडे घासत जा. एक कोपरा उचलून पाहा. फिकट असेल तर तो तसाच परत टेकवून आणखी घासा. पाण्याची शाई तासाभरात वाळते, तेलाची घेतली तर दोन-तीन दिवस लागतात, म्हणून पाकिटात भरण्याची घाई करू नका.

पहिल्या पाच-सहा छापांत शाई लिनोवर नीट बसलेली नसते आणि रात्र करडी दिसते. आजोबांना द्यायची प्रत दहाव्या-बाराव्या छापांतून निवडा आणि तिच्या मागे ज्या ज्या हातांनी छपाई केली त्यांची नावे त्यांच्याच अक्षरांत लिहून घ्या.